उपरण्याखालची बोलणी

खामगावच्या कापूस बाजारात वामनरावांची ख्याती दोन प्रकारची होती. उपरण्याखाली त्यांचा हात धरून भाव करायला बसलेला व्यापारी ऐन थंडीतही घाम पुसत उठायचा, ही एक. आणि उपरणं बाजूला झाल्यावर याच वामनरावांना कुणी 'काय वामनराव, बरं हाय ना?' असं विचारलं, तर त्यांचं उत्तर तयार होईतो विचारणारा दोन गाड्या ओलांडून पुढे गेलेला असायचा, ही दुसरी.

वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताबरोबर नागपुरातून चालायचा त्या दिवसांतली ही गोष्ट. वामनराव ज्या अडत्याकडे दिवाणजी होते, त्याच्या ओट्यावर भाव ओरडून ठरत नसे. शेतकऱ्याच्या वतीनं वामनराव बसायचे, समोर व्यापारी बसायचा. एकानं मालाचं नाव घ्यायचं, एकच शब्द, आणि दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं. पुढचं सगळं बोटं बोलायची. बोट धरलं की एक, अर्धं पेर चिमटीत घेतलं की अर्धा. बाहेर दोघांचेही चेहरे देवळातल्या मूर्तीसारखे. उपरणं पडलं की आजूबाजूच्यांनी बोलायचं नाही, हा नियम. उपरणं उचलून हातावर हात पडला की सौदा फिरवायचा नाही, हा त्याहून मोठा नियम. फिरवणाऱ्याच्या गाडीकडे मग हंगामभर कुत्रंही फिरकत नसे. वामनरावांना आयुष्यात जे काही म्हणायचं होतं ते त्यांनी असं बोटांनी म्हटलं होतं. तोंड त्यांनी मुख्यतः सुपारीसाठी राखून ठेवलं होतं.

अशा माणसाच्या घरी हिंमतराव आले.

हिंमतराव म्हणजे वामनरावांचे थोरले चुलतभाऊ, राहणार सोनाळा. तिकडे शेती, मुलगे, सुना, म्हशी, सगळं यथास्थित. कुणाच्या तरी बांधाच्या भांडणात साक्ष द्यायला ते दसऱ्याच्या सुमारास खामगावला आले, चार दिवसांसाठी. साक्ष झाली, निकाल लागला, वादी आणि प्रतिवादी एकमेकांकडे जेवूनही आले. हिंमतराव मात्र वामनरावांच्या आतल्या खोलीत बाजेवरच होते. सोनाळ्याहून बोलावणं आलं की ते सांगून पाठवायचे, 'दोन बाजार होऊ द्या, मंग येतो.' आठवडी बाजार भरत होते आणि उठत होते. हिंमतरावांचं म्हणणं, शहरात माणसाची उन्नती होते. ही उन्नती बहुधा पडल्यापडल्या होत असावी, कारण जेवण आणि कापूस बाजारातली एक फेरी सोडली तर ते बाज सोडत नसत. बाजारातली फेरी मात्र ते चुकवत नसत. उपरण्याखालच्या सौद्याचं त्यांना विलक्षण वेड. कुठेही उपरणं पसरलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. दाढीच्या दरासाठी न्हाव्याशीसुद्धा ते पंच्याखाली बोटं धरून बसायचे आणि न्हावी बिचारा 'मालक, गुदगुल्या होऊन राह्यल्या' म्हणायचा.

घर असं: पुढे ओसरी, मग मधली खोली, तिला लागून आतली खोली, मागे स्वयंपाकघर. आतल्या खोलीचं दार मधल्या खोलीत उघडायचं, आणि हिंमतराव ते उघडं टाकून बाजेवरून जगाकडे पाहायचे. ते पडले वामनरावांच्या बायकोचे, रुक्मिणीबाईंचे, भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, त्यांच्या समोरून जायचं नाही, हा रुक्मिणीबाईंच्या सासूनं लावून दिलेला नियम. परिणामी ओसरीवर वाळत टाकलेली मिरची हलवायची तर ती बाई मागच्या दारानं निघायची, शेजारच्या गोजरबाईंच्या अंगणातून गल्लीत यायची आणि वळसा घालून स्वतःच्याच घरी पाहुणीसारखी पुढून शिरायची. गोजरबाईंना याचा त्रास नव्हता. रोज दोनचारदा शेजारची सून आयती अंगणात येते म्हटल्यावर सल्ला द्यायला त्यांना लांब जावं लागत नसे.

मार्गशीर्षात लेकीच्या, कोकिळेच्या, सासरहून निरोप आला. पहिलटकरीण पोरीला संक्रांतीनंतर माहेरी पोचवतो. त्या दुपारी वामनराव जेवायला बसले तेव्हा रुक्मिणीबाईंनी भाकरी ताटात ठेवली नाही, हातातच धरून ठेवली.

"अजी, पोरगी पयल्या बाळंतपनाले येऊन राह्यली. तिले कोठी निजवू? चुलीत?"

"दादाले सांगतो मी."

"कवा?"

वामनरावांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"मी भावजय, मले तोंड नाई. तुमी भाऊ ठरले. संक्रांतीपावतर खोली रिकामी झाली नाई, तं मी तिच्या सासरी सांगून पाठवीन. म्हनीन, पोरीले तिकडंच ठेवा, तिच्या बापाच्या घरी तिले जागा नाई."

एवढं बोलून त्यांनी भाकरी वाढली. वामनरावांनी तिचा तुकडाही मोडला नाही. कोकिळा त्यांची एकुलती एक. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून उपरण्याखाली बोटं धरायची आणि चिंचेच्या बोटुकाचा भाव करायची. एवढ्या सगळ्या बाजारात वामनरावांनी मुद्दाम सौदा हरावा अशी ती एकच गिऱ्हाईक.

ते तसेच उठून आतल्या खोलीत गेले.

"दादा, म्हटलं..."

"बोल."

"म्हटलं, थंडी..."

"हाव, बम थंडी हाय. एखांदी घोंगडी दे."

वामनरावांनी स्वतःची घोंगडी आणून दिली. मग पुन्हा धीर केला. "तिकडे सोनाळ्याले... म्हंजे कापूस... वेचायले..."

"पोट्टे पाहून राह्यले ना! तू कायले काळजी करतं?" मग हिंमतराव कोपरावर उठले आणि त्यांनी भावाला नीट न्याहाळलं. "वामन, तुले काय झालं माहीत हाय का?"

"काय?"

"तुले बोलता येत नाई. पोटातलं ओठावर येत नाई. कितीक दिवसांपासून मी पाहूनच राह्यलो."

आणि वैद्यानं नाडी धरावी तसं त्यांनी निदान सुरू केलं. गेल्या महिन्यात नागपूरकडचे कुणी प्राध्यापक गावात 'उत्कर्षाच्या नित्य सवयी' या विषयावर बोलून गेले होते. हिंमतराव पहिल्या रांगेत बसले होते आणि मध्यावर त्यांना डोळा लागला होता, पण तेवढ्यात जे कानावर पडलं ते त्यांनी पक्कं धरलं होतं. रोज एका अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलायचं. उठल्याबरोबर उगवतीकडे तोंड करून दिवसाचा हेतू मोठ्यानं म्हणायचा. आणि रोज कुणा ना कुणाला मनातली एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायची.

"हे कर, अन् तुले जे बोलायचं हाय ते तू छातीठोक बोलशीन. मी हाय ना इथंच! तुह्यात फरक पडल्याबिगर मी हालत नाई."

माणूस घालवायला गेलेले वामनराव त्या माणसाचे शिष्य होऊन बाहेर आले. औषध मात्र त्यांना मनातून पटलं होतं. छातीठोक बोलता आलं तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. ते वैद्याला सांगितलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनावर गेले. जलंबहून येणारी छोटी गाडी येऊन लागली होती. फलाटावर एक गृहस्थ बोचक्यावर बसले होते. वामनरावांनी दोनदा खाकरून विचारलं, "काय, बरं हाय ना?"

त्या माणसानं हा प्रश्न विचारणाऱ्याची बहुधा वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. नाव उकंडराव, गाव संग्रामपूर. त्यांची पाठ, त्यांचा जावई, त्यांच्या तेलघाणीचा मोडलेला भाग आणि तो दुरुस्त करून द्यायला खामगावचा मिस्त्री लावत असलेला वेळ, हे सगळं वामनरावांनी उभ्यानं ऐकलं. शेवटी उकंडराव म्हणाले, "आता रातच्याले निजू कोठी, हेच पाहून राह्यलो." वामनराव गप्प बसले. आपल्या भागात अशा वेळी गप्प बसण्याचा अर्थ एकच होतो. उकंडरावांनी बोचकं उचलून वामनरावांच्या हाती दिलं आणि विचारलं, "घर लांब हाय का?"

अशा तऱ्हेनं घरात एक पाहुणा होता तिथे दोन झाले. उकंडराव ओसरीवर राहिले. हिंमतरावांना आनंद झाला. "पाह्य, पयल्याच दिवशी संबंध जुळला!" स्वयंपाकघरातून भांडं आदळल्याचा आवाज आला. रुक्मिणीबाईंना बोलायची मनाई होती, भांड्यांना नव्हती.

हेतूचं प्रकरण याहून नाजूक निघालं. पहाटे उगवतीकडे तोंड करून वामनरावांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं सुरुवात केली, "आज मी दादाले..."

"दादाले काय?" आतून आवाज आला. उगवतीची भिंत आणि आतल्या खोलीची भिंत एकच होती, हे वामनरावांच्या ध्यानातून गेलं होतं.

"दादाले... च्या नेऊन देईन."

"वा! आन मंग."

त्या दिवसापासून हिंमतरावांना बाजेवर चहा मिळू लागला. नित्य सवयच ती. एकदा लागली की लागली. ओसरीवरून उकंडरावांनीही आवाज दिला, की चहात त्यांना साखर अंमळ जास्त लागते.

मनातली गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला वामनरावांनी घरचंच माणूस निवडलं. "कालच्या भाजीत मीठ जास्त पडलं होतं," असं ते रुक्मिणीबाईंना म्हणाले. वाक्य स्वच्छ होतं, आवाज खणखणीत होता. त्यानंतर त्यांच्या ताटात मिठाचा अंशही आला नाही, आणि तो मागायची हिंमत ज्या सवयीतून येणार होती ती त्यांनी त्याच दिवशी सोडून दिली.

गोजरबाईंचे उपाय वेगळे होते. "केरसुनी उलटी ठेव व, पाहुना टिकत नाई." केरसुणी उलटी ठेवली, हिंमतरावांनी ती सुलटी करायला लावली. "मंग रोज अंबाडीची भाजी कर. तीन दिवसांत कटायून पळते." हिंमतरावांनी पहिल्या दिवशी भाजी दोनदा मागून घेतली आणि सोनाळ्याला अंबाडी अशी रांधत नाहीत म्हणून डोळे पुसले.

बाजारात वामनरावांच्या समोर नेहमी वहाबसेठ बसायचे. जिनाचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे, मोठे खरेदीदार, बोटं जाड आणि मन मोकळं. हिंमतरावांचा मुक्काम सगळ्या बाजाराला ठाऊक होता. एक दिवस सौदा झाल्यावर वहाबसेठनं उपरणं झटकत म्हटलं, "वामनराव, ह्या बोटांनी तुमी मले किती डाव रडवलं, हिसाब नाई. अन् घरी एका मानसापुढे तुमीच रडून राह्यले! काऊन?"

"तोंडानं सांगा लागते ना तिथं," वामनराव म्हणाले.

"तोंडानं का सारेच सांगतेत?" वहाबसेठ हसले आणि पुढच्या गाडीकडे गेले. वामनरावांना त्या बोलण्यात काही तथ्य दिसलं नाही. त्यांच्या डोक्यात तेव्हा दुसराच बेत शिजत होता.

बेत असा, की वाक्य आधी बाहेर कुठेतरी पाठ करावं. जिनामागच्या मोकळ्या मैदानात एक कडुनिंब होता. सकाळच्या धुक्यात तिथे चिटपाखरू नसायचं. वामनराव कडुनिंबासमोर उभे राहिले, त्याला हिंमतराव मानलं आणि म्हणाले, "दादा, आता तुमी सोनाळ्याले जा." पहिल्यांदा ते त्यांनाच ऐकू आलं नाही. मग आवाज चढला. पाचसहा वेळा म्हटल्यावर छाती मोकळी झाली, अंगात ऊब आली, हात आपोआप वर जायला लागला. आयुष्यात प्रथमच वामनरावांना स्वतःचा आवाज आवडला. "दादा! आता! तुमी! सोनाळ्याले! जा!"

"कोनाले जायचं हाय?" मागून आवाज आला. "माही गाडी खालीच चालली सोनाळ्याले."

वळून पाहतात तर रात्री कापूस उतरवून तिथेच मुक्कामाला असलेले गाडीवाले अंगावर गोधड्या घेऊन अर्धवर्तुळात उभे. त्यांच्यामागे जिनाच्या पाळीवर निघालेल्या बाया. एक म्हातारा दुसऱ्याला समजावत होता, "देव आला अंगात. इचार, पोराचं लग्न कवा व्हईन." सोनाळ्याचा गाडीवाला तर बैल जुंपूनच आला आणि "बसा, बसा" म्हणत त्यानं वामनरावांना दंडाला धरून वर चढवलं. नाही म्हणणं ही पुढची पायरी होती आणि वामनरावांचा अभ्यास अजून तिथवर गेला नव्हता. ते बसले. गाडी मैदानाच्या कडेपर्यंत गेलीदेखील. तिथे पोलिसातले बशीर जमादार आडवे आले.

"वामनराव, हे काय करून राह्यले तुमी?"

"बोलून राह्यलो होतो."

"कोनासंगं?"

"एकटाच."

"एकटे?" जमादारांनी गाडीमागून चालत आलेल्या जमावाकडे बोट केलं. "जाहीर जागी, मोठ्या आवाजात, एवढ्या लोकाइपुढे. परवानगी हाय का?"

त्या दिवसांत भाषण म्हटलं की सरकारचे कान उभे राहायचे, आणि जमादारांना तर हे कान रोज उभे करून ठेवायचाच पगार होता. भले गृहस्थ होते ते. त्यांनी वामनरावांना चौकीत नेलं नाही, कचेरीत नेलं, आणि वाटेत पान दिलं.

कचेरीतल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "सभा कशाची?"

"सभा नाई. मले एकट्यालेच बोलायचं हाय."

"एकट्यानं बोलायच्या परवानगीचा नमुना नाही. सभेचा आहे. सभा भरवा, मग बोला. वक्ता कोण?"

"मीच."

"अध्यक्ष?"

"अध्यक्ष नाई."

"अध्यक्षाशिवाय सभा होत नाही. विषय?"

विषय त्या वेळी बाजेवर चहाची वाट पाहत होता.  कारकुनानं कागद परत दिला आणि अध्यक्ष व विषय घेऊन या म्हणून सांगितलं. म्हणजे बोलायला शिकण्यासाठी परवानगी हवी आणि परवानगी मागायला बोलता यायला हवं, अशी ती सरकारी रचना होती.

घरी ही हकीकत कळताच हिंमतराव दसऱ्यानंतर प्रथमच स्वतःहून ताडकन उठले. "अध्यक्ष मी! विषय 'नित्य सवयी'!" ते स्वतः कचेरीत गेले, वामनरावांच्या वतीनं तासभर बोलले, आणि परवानगी घेऊनच परतले. सभा संक्रांतीनंतरच्या बाजारादिवशी, कापूस बाजाराच्या ओट्यावर. वक्ते वामनराव. गावभर दवंडी पिटली. कधी नव्हे ते लोक वामनरावांना रस्त्यात थांबवून 'काय बोलनार?' असं विचारायला लागले, आणि ते उत्तर जुळवेपर्यंत नेहमीप्रमाणे पुढे जायला लागले.

रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "सरकारनं परवानगी देली तुमाले बोलायची. आता तरी बोला. पोरगी त्याच दिवशी येऊन राह्यली."

सभेच्या दिवशी बाजार उठल्यावर गाडीवाले गाड्यांच्या जुवांवर बसून राहिले. वहाबसेठ पुढे गादीवर. उकंडराव पाहुण्यांच्या हक्कानं ओट्यावरच. जमादार एका बाजूला, वक्ता काय बोलतो ते वर कळवायचं म्हणून कान देऊन. हिंमतरावांनी अध्यक्ष या नात्यानं प्रास्ताविक सुरू केलं. माणसानं दुसऱ्याच्या उपयोगी पडावं, हा पहिला मुद्दा. आपण घरदार सोडून भावाच्या उन्नतीसाठी कसे झिजत आहोत, हा त्यापुढचा. उन्हं कलली, बैलांचं रवंथ करून झालं, प्रास्ताविक चालूच होतं. वामनराव मांडीवर उपरणं ठेवून बसले होते आणि मनात एकच वाक्य घोकत होते. ते वाक्य कडुनिंबासमोर आलं होतं. इतक्या माणसांसमोर थोरल्या भावाला सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडावर काळं फासण्यासारखं होतं, हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं. सांगितलं तर भाऊ जातो, नाही सांगितलं तर पोरगी जाते.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि गोजरबाई आल्या. बाजारात बाई येत नाही हा रिवाज त्यांनी कासोट्यात खोचून ठेवला होता. ओट्याखाली उभं राहून त्या हळू बोलल्या, म्हणजे पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं नसेल.

"वामन, कोकी आली. बैलाच्या रेंगीतून उतरली तशी उभीच हाय. खोलीले कुलूप. तुही बायको तिले चुलीपाशी बसवून राह्यली, पोत्यावर. पोरीले धूर सोसत नाई."

खोलीला कुलूप होतं हे खरं. हिंमतराव बाहेर पडले की खोली बंद करून किल्ली करदोट्याला बांधायचे. आत त्यांची घोंगडी असे, म्हणजे वामनरावांची.

हिंमतरावांनी हे ऐकलं की नाही, कळलं नाही. ते म्हणाले, "आता वक्ते बोलतीन," आणि खाली बसले.

वामनराव उठले. सगळा बाजार त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी तोंड उघडलं. कडुनिंबासमोर आलेला तो आवाज कुठे दडी मारून बसला होता कोण जाणे. ओठ हलले, काही आलं नाही. कुणीतरी खोकलं. 'पानी द्या,' असं उकंडराव म्हणाले. वामनरावांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मग ते मटकन हिंमतरावांच्या समोर बसले.

त्यांचे हात मात्र गडबडले नव्हते. एका हातानं उपरणं झटकलं गेलं.

"सोनाळा," वामनराव म्हणाले.

मालाचं नाव. एकच शब्द. आणि दुसऱ्या हाताकडे हिंमतरावांचा हात, उपरणं दिसताच नेहमी यायचा तसा, विचार करायच्या आत आला. उपरणं पडलं.

सगळा बाजार एका दमात गप्प झाला. सभेत लोक कुजबुजतात, पण उपरणं पडल्यावर बोलणारा माणूस खामगावात जन्मलेला नव्हता. उकंडराव संग्रामपूरचे, ते काही विचारायला गेले, तर वहाबसेठनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

हिंमतरावांना माल समजला. त्यांचा चेहरा एकदा हलला आणि मग मूर्तीसारखा झाला; मुरलेला गडी होता. त्यांनी पाचही बोटं धरली. पाच बाजार. वामनरावांनी हात तसाच निर्जीव पडू दिला, जसा ते पावसात भिजलेल्या कापसाच्या भावाला देत. थोड्या वेळानं तीन बोटं. मग दोन. दोन बाजार, हा हिंमतरावांचा जुनाच भाव होता. वामनरावांनी त्यांच्या करंगळीचं अर्धं पेर चिमटीत घेतलं आणि धरून ठेवलं. हिंमतरावांनी सुटायचा प्रयत्न केला. एक बोट पुढे केलं, निदान एक बाजार. चिमटा सुटला नाही. गेली कित्येक वर्षं मोठमोठे व्यापारी ज्या चिमट्यात घामाघूम झाले होते तो चिमटा हिंमतराव आज प्रथम आतून पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला.

मग वामनरावांनी बाजारात कधी न केलेली गोष्ट केली. चिमटा सोडला आणि भावाचा अख्खा हात आपल्या हातात घेतला. हा कुठलाच भाव नव्हता. लहानपणी सोनाळ्याच्या नदीतून पलीकडे जाताना हिंमतराव त्यांचा हात धरायचे तसा तो नुसता धरला.

 हिंमतरावांची नजर खाली उभ्या गोजरबाईंकडे गेली, तिथून बाजाराबाहेर जाणाऱ्या रस्त्याकडे. मग त्यांनी सावकाश सगळी बोटं मिटली. मूठ. म्हणजे काहीच नाही. ना पाच, ना एक, ना अर्धं. आजच.

उपरणं उचललं गेलं आणि हातावर हात पडला.

"काय फुटला भाव?" मागून कुणीतरी ओरडलं. उत्तर द्यायचं नसतं, ते कुणी दिलं नाही. हिंमतराव उभे राहिले, घसा साफ केला. "मंडळी, माहं काम झालं. शिष्य तयार झाला. आता मले गावी जा लागते. सोनाळ्याची गाडी हाय का कोनाची?"

"खालीच हाय!" मैदानातला तोच गाडीवाला जुवावरून उठून उभा राहिला. करदोट्याची किल्ली वामनरावांच्या हातात पडली. बशीर जमादारांनी त्या रात्री वर कळवलं, की सभा शांततेत पार पडली, वक्ता एक शब्द बोलला आणि तोही गावाचं नाव होता.

घरून सामान घेऊन हिंमतराव दारासमोर गाडीत बसले तेव्हा कोकिळा त्यांच्या पाया पडायला बाहेर आली. "जास्त वाकू नको व," ते म्हणाले आणि खिशातून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. मग वामनरावांना जवळ बोलावून पुटपुटले, "अर्धं पेर बम दाबतं तू. अजून ठनकते." घोंगडी त्यांच्या अंगावरच होती. ती मागायला वामनरावांना सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांनी मागितली नसती.

सकाळी कोकिळा आतल्या खोलीत गाढ झोपली होती. रुक्मिणीबाई स्वयंपाकघरातून निघाल्या, मधल्या खोलीतून सरळ चालत ओसरीवर आल्या आणि भर उजेडात उंबऱ्याशी बसल्या. दसऱ्यानंतर हा रस्ता त्यांनी पहिल्यांदा वापरला होता.

"काय बोलले तुमी त्याइले?"

"काईच नाई."

रुक्मिणीबाईंनी थोडा विचार केला. मग डोक्यावरचा पदर ओढून नवऱ्याच्या हातावर टाकला आणि आत त्याची दोन बोटं दाबली. वामनरावांना हा भाव कशाचा ते कळलं नाही. मालाचं नावच कुणी घेतलं नव्हतं. पण त्यांनी बिनशर्त कबूल केलं.

ओसरीच्या कोपऱ्यात गोधडी हलली. "वयनी," आतून उकंडरावांचा आवाज आला, "च्या झाला का? साखर अंमळ जास्त."

वामनरावांनी हात पदराबाहेर काढला आणि सवयीनं उपरणं शोधायला लागले. रुक्मिणीबाईंनी त्यांना थांबवलं. उकंडराव त्यांचे भासरे नव्हते, दीर नव्हते, कुणीच नव्हते. त्यांनी पदर नीट केला आणि अगदी सहज, पलीकडच्या अंगणातल्या गोजरबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"उकंडराव, उठा. जलंबची गाडी सुटून राह्यली."

उकंडराव उठले. त्यांनी बोचकं बांधलं, ते सवयीनं वामनरावांच्या हाती द्यायला पुढे केलं, रुक्मिणीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्याच डोक्यावर घेतलं.